आधी क, मग वेलांटी

देवस्थानच्या कचेरीत भाईंच्या टेबलावर तीन फोन असतात. एक लँडलाइन, एक कचेरीचा मोबाइल आणि एक अग्रशाळेतून, म्हणजे देवळाला येणाऱ्यांच्या उतरायच्या खोल्यांमधून, येणारा इंटरकॉम. इंटरकॉमवर बहुतेक वेळा कुणाला तरी गरम पाणी हवं असतं. लँडलाइनवर मुंबई-कारवार-बेळगावचे महाजन असतात, म्हणजे देवळाच्या मूळ घराण्यांतली माणसं. त्यातल्या निम्म्यांना भाई नुसत्या ‘हॅलो’वरून ओळखतात. मोबाइलवर उरलेलं जग.

फोंडा तालुक्यातल्या ह्या देवळाचं नाव मी लिहीत नाही. गोष्टीतली चूक माझी आहे, आणि देवळाचं नाव आलं की लोक देवळाबद्दलच बोलत बसतात. भाईंचंही खरं नाव नको. गोव्यात दर तिसऱ्या घरात एक भाई असतोच, तेवढं पुरे. आम्ही दोघं बोलतो कोकणीत आणि लिहितो मराठीत, इथल्या पुष्कळ घरांसारखं. म्हणून त्यांची वाक्यं मराठीत आली आहेत, एखाददुसरं तसंच राहिलंय.

भाई कचेरीत लागले तेव्हा त्यांना दिसत होतं. मराठी टायपिंगची परीक्षा पास झालेले, अक्षर वळणदार. काचबिंदू चोरपावलांनी येतो. कडेचं दिसणं आधी जातं, आणि माणूस मान वळवून वळवून ते भरून काढत राहतो, म्हणून कळायला उशीर होतो. भाईंना कळलं तेव्हा बरंचसं गेलं होतं, आणि त्यात जे जातं ते परत येत नाही. पंचेचाळिशीपर्यंत उजेड आणि अंधार एवढाच फरक उरला. समितीनं त्यांना काढलं नाही, फोनवर बसवलं. आणि झालं असं की अग्रशाळेच्या ३४ खोल्यांचं रजिस्टर हळूहळू त्यांच्या डोक्यात जाऊन बसलं. कुठली खोली कधीपासून कधीपर्यंत कुणाला दिलीय हे तर झालंच. शिवाय अकरा नंबरचा पंखा करकरतो, तो झोप कमी असलेल्या म्हाताऱ्यांना द्यायचा नाही. विसाची खिडकी तळीकडे उघडते, नवी जोडपी तीच मागतात.

२०१९मध्ये त्या रजिस्टरच्या जागी माझं सॉफ्टवेअर आलं.

मी फोंड्यात राहते आणि छोट्या धंद्यांना लागतात तसले प्रोग्राम लिहिते. पतसंस्था, काजूचे व्यापारी, औषधांची दुकानं. विंडोजवर, थेट संगणकात बसवलेले, कारण मृगाचा पहिला पाऊस पडला की इथल्या इंटरनेटचा भरवसा संपतो. देवस्थानसाठी केलेला प्रोग्राम माझ्या मते त्यातला सगळ्यात देखणा होता. पडद्यावर महिन्याचा तक्ता: आडवे दिवस, उभ्या खोल्या. रिकामी खोली हिरवी, दिलेली लाल, आगाऊ रक्कम आलेली पिवळी. समिती खूश. कीबोर्डला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, माऊसवर ठेवलेलं फूल दर क्लिकला खाली पडत होतं आणि दर वेळी कुणीतरी ते भक्तिभावानं परत ठेवत होतं. भाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होते. मी शेवटचा हप्ता घेतला आणि घरी आले.

पुढे काय झालं ते मला चार वर्षं कळलं नाही. खोल्या संगणकातून दिल्या जाऊ लागल्या आणि भाईंच्या डोक्यातलं रजिस्टर शिळं झालं. फोन आला की ते शेजारच्या पोराला हाक मारत, ‘बघ रे, तेवीसला काय आहे?’ पोरगा चहाला गेलेला असला की पलीकडच्याला सांगायचं, दहा मिनिटांनी करा. तीस वर्षं ज्याला सगळे विचारत होते त्याला आता विचारत बसावं लागत होतं.

मधे २०२३च्या जानेवारीत पणजीला पहिला पर्पल फेस्ट झाला, दिव्यांगांसाठीचा. मी गेले होते. भारावले, फोटो काढले, स्टेटसला टाकले. घरी येऊन त्याच आठवड्यात एका पतसंस्थेच्या प्रोग्राममध्ये बिननावाची आणखी चार बटणं बसवली असणार. डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टीचा हाताशी संबंध लागायला कधीकधी फार वेळ लागतो.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मी काही दुरुस्तीसाठी कचेरीत गेले, तर भाईंच्या टेबलावर लॅपटॉप. पुण्याच्या भाचीनं दिलेला, आणि तिनंच त्यात एनव्हीडीए घालून दिलेलं. एनव्हीडीए म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम, स्क्रीन रीडर. भाई त्यावर पेपर वाचत होते. आवाज इतका भरधाव की मला तो खुराड्यात साप शिरल्यावरच्या कोंबड्यांसारखा वाटला. ‘तुला कळत नाही?’ भाईंनी विचारलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी विसरणार नाही. बऱ्याच वर्षांनी कुणाला तरी त्यांच्यापेक्षा कमी कळत होतं.

‘तुझं ते खोल्यांचं माझ्या ह्याच्यात चालव बघू.’

चालवलं. टॅब दाबला. यंत्र म्हणालं, ‘पेन.’ आणि गप्प.

‘पेन? कसलं पेन?’

इंग्रजीत खिडकीच्या तावदानाला जो शब्द आहे तो. माझा अख्खा रंगीत तक्ता त्याच्या लेखी एक कोरं तावदान होता. ३४ खोल्या, ३० दिवस, १०२० चौकोन. त्यातल्या एकाचाही त्याला पत्ता नव्हता. भाईंनी पुढे टॅब दाबला. ‘बटन.’ पुन्हा. ‘बटन.’ पुन्हा. ‘बटन.’ वरच्या ओळीतली माझी सुंदर चित्रं: कागदाचं, प्रिंटरचं, लाल फुलीचं. भाईंचं बोट थांबलं.

‘ह्या बटणाक नांव ना गो, बाय?’

इतकी वर्षं ह्या धंद्यात असून माझी समजूत अशी होती की स्क्रीन रीडर पडद्याकडे ‘बघतो’. कॅमेऱ्यासारखं काहीतरी आत असेल, तो अक्षरं ओळखत असेल. तसं नसतं. डॉसच्या दिवसांत काम सोपं होतं: पडदा म्हणजे ८० रकाने आणि २५ ओळी, आणि प्रत्येक अक्षर संगणकाच्या स्मृतीत आपापल्या जागी अक्षर म्हणूनच ठेवलेलं. बोलणाऱ्या प्रोग्रामनं तिथं जाऊन उचलायचं. विंडोज आलं आणि पडद्यावर सगळे ठिपकेच ठिपके झाले. तेव्हाच्या स्क्रीन रीडरांनी मग चोरवाट काढली. विंडोज ‘इथे हे अक्षर काढ’ असा हुकूम देई, त्या हुकमांवर पाळत ठेवून ते पडद्याची एक नक्कल स्वतःकडे लिहून ठेवत. १९९७मध्ये मायक्रोसॉफ्टनं ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी आणलं, व्हिस्टाच्या वेळी यूआय ऑटोमेशन आलं, आणि रीतसर रस्ता झाला: स्क्रीन रीडरनं प्रोग्रामला विचारायचं, प्रोग्रामनं उत्तर द्यायचं. लिनक्सवर ओर्का, मॅकवर २००५पासून व्हॉइसओव्हर, तिथंही थोड्याफार फरकानं हेच. विचारायचे प्रश्न फार नाहीत. तुझं नाव काय? तू आहेस कोण, बटण की यादी की चौकट? आत्ता कुठल्या स्थितीत आहेस, दाबलेलं, बंद, निवडलेलं? विंडोजचं स्वतःचं साधं बटण ही उत्तरं आपणहून देतं. अडचण माझ्यासारखे लोक करतात, ज्यांना साधं बटण कुरूप वाटतं आणि जे कुंचला घेऊन स्वतः रंगवायला बसतात. रंगवलेल्याला तोंड नसतं.

एनव्हीडीए २००६मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करननं लिहायला घेतलं. तो स्वतः अंध. त्याला येऊन मिळालेला जेम्स टेहही अंध. दोघांची ओळख लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात झालेली. तेव्हा चांगला स्क्रीन रीडर संगणकापेक्षा महाग पडे. ह्यांनी तो फुकट दिला, वर त्याचा कोडही उघडा ठेवला. भाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, ‘कुठलं वाद्य वाजवतात?’ भाई भजनाला पेटीवर बसतात.

पण पेन आणि बटन ही निदान उघड चूक होती. खरी करमणूक पावतीच्या फॉर्मवर झाली. भाई एका चौकटीवर आले, यंत्र म्हणालं ‘गोत्र’. त्यांनी ‘कौशिक’ लिहिलं. मी पडद्यावर बघत होते: ‘कौशिक’ उमटलं ते ‘माणसं किती’ ह्या चौकटीत. पुढची चौकट म्हणाली ‘फोन’. ती होती गावाची. मी घामाघूम. मग उलगडा झाला. मी वापरते त्या विंडोज फॉर्म्समध्ये चौकटीला स्वतःचं नाव दिलेलं नसेल तर तिच्या आधीच्या लेबलाचं नाव तिला लागतं. आधीचं म्हणजे डावीकडचं नव्हे, टॅबच्या क्रमातलं आधीचं. आणि मी फॉर्म कसा केला होता? माऊसनं. आधी चौकटी टाकल्या, मग लेबलं, मग समितीच्या प्रत्येक बैठकीनंतर हे इकडे ओढ, ते तिकडे सरकव. पडद्यावर सगळं शिस्तीत, एका रेषेत. आतला क्रम म्हणजे जत्रेतली गर्दी. मला तो कधी ऐकूच आला नव्हता.

घरी येऊन मी स्वतः एनव्हीडीए घातलं. त्यात पडदा काळा करायची सोय आहे, ती चालू केली आणि माझाच प्रोग्राम वापरायला बसले. अर्ध्या तासात रडकुंडीला आले. हा प्रयोग करा असं पुष्कळ जण सांगतात. मी मात्र आता कुणाला सांगत नाही. त्या अर्ध्या तासात मी आंधळी झाले नव्हते, नुसती घाबरले होते. आणि घाबरलेल्या माणसाला जे सुचतं तेच मला सुचलं: बिचाऱ्यांना हे किती कठीण, आपण त्यांच्यासाठी काहीतरी सोपं करूया. आठ दिवस खपून मी एक वेगळी खिडकी केली. पाच मोठी बटणं. वर मथळा: ‘सोपी आवृत्ती’.

भाईंनी ती पाच मिनिटं वापरली. ‘रद्द केलेल्या खोलीचे पैसे परत कुठनं द्यायचे?’ ते ह्यात नव्हतं. ‘लघुरुद्राची पावती अग्रशाळेच्या पावतीला जोडायची असेल तर?’ तेही नव्हतं. ‘मग हे कोणासाठी केलंस? मी काम करतो गो हांगा. खेळायला बसत नाही.’

रागावले नव्हते. पोराला जिलेबी आणायला पाठवलं. पण त्या दुपारी मी काहीच बोलत नव्हते. त्या आठ दिवसांत मूळ प्रोग्राममध्ये मी दोन बदल केले होते, आणि ‘सोपी आवृत्ती’ तेवढ्यातच दोन बदलांनी मागे पडली होती. वर्षभरात ती किती कुजली असती ते मला कुणी सांगायला नको. वेगळं पान वाढायचं म्हटलं की त्यावर शेवटी उरलंसुरलंच येतं.

मग पुढचे तीन महिने मी शनिवारी दुपारी कचेरीत जाऊन भाईंच्या शेजारी बसायला लागले. काही न करता. ते काम करायचे, मी एनव्हीडीएची एक छोटी खिडकी उघडी ठेवायचे. जे बोललं जातं ते तिच्यात लिहून येतं, म्हणून माझ्यासारख्या मंद कानाच्या माणसाला मागोवा घेता येतो. तेव्हा दिसलं की भाई क्वचितच पूर्ण वाक्य ऐकतात. पहिले दोन शब्द कानावर पडले की बोट पुढे. जसे आपण पेपरातले मथळे चाळतो तसे ते ऐकताना चाळतात. म्हणजे महत्त्वाचं ते पहिल्या दोन शब्दांत आलं पाहिजे.

आणि मग जुन्या नावांचा प्रश्न आला, जो माझ्या मते ह्या सगळ्यातला सगळ्यात मराठी प्रश्न आहे.

देवस्थानकडे महाजनांची यादी होती, सुमारे ६,००० नावं, माझ्याही आधी कुणीतरी संगणकात घातलेली. मी ती जशीच्या तशी उचलली होती. पडद्यावर स्वच्छ मराठी. भाईंच्या कानात मात्र ‘के, एच, स्लॅश, डॉलर, व्ही’. कारण ती मराठी नव्हतीच. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी व्यवस्था. तिच्या आधीचे आपले फॉन्ट ही एक सोंगाची मंडळी होती: आत रोमन अक्षर, वर देवनागरीचा मुखवटा. डोळ्याला मुखवटा दिसतो, स्क्रीन रीडरला आतला माणूस. महाराष्ट्रात आणि गोव्यात असे किती दस्तऐवज, किती पुस्तकांच्या प्रती, किती सोसायट्यांचे ठराव त्या मुखवट्यांखाली पडून असतील. छापले तर वाचता येतात, म्हणून कुणाची तक्रार नाही.

मी बदलून देणारा प्रोग्राम लिहायला घेतला. वाटलं होतं, ह्या चिन्हाच्या जागी ते चिन्ह, संपलं. पहिल्याच नावावर अडले. जुन्या फॉन्टात ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी, मग क. टाइपरायटरवर तसंच होतं. कागद उजवीकडून डावीकडे सरकत जातो आणि वेलांटीची दांडी क-च्या आधी येते, म्हणून ती आधी ठोकायची. डोळ्याला जे आधी दिसतं ते आधी. युनिकोडात उलटं: आधी क, मग वेलांटी, जसं तोंडातून येतं तसं. रफाराचंही तेच. ‘दर्शन’मधला रफार जुन्या फॉन्टात श झाल्यावर त्याच्या डोक्यावर ठेवायचा, युनिकोडात तो श-च्या आधी असतो, कारण बोलताना आधी र येतो. म्हणजे ज्यांनी ही व्यवस्था लावली त्यांनी आपली लिपी कानाच्या क्रमानं साठवली, आणि ती पडद्यावर डोळ्याच्या क्रमानं मांडायचं काम दुसऱ्यावर सोपवलं.

मी तिथं बराच वेळ थांबले होते. माझ्या प्रोग्रामचंही हेच तर दुखणं होतं. सगळं डोळ्याच्या क्रमानं लावलेलं, आणि आत कुठला क्रमच नाही.

भाईंना सांगितलं तर ते हसायला लागले. टाइपरायटरवर शिकलेली त्यांची बोटं अजून आधी वेलांटीकडे धावत. भाचीनं त्यांना इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची कीबोर्डची मांडणी, शिकवलं होतं. प्रत्येक कीबोर्डवर एफ आणि जे ह्या दोन कळांवर बारीक उंचवटे असतात, न बघता बोटं जागेवर ठेवता यावीत म्हणून. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या उंचवट्याखाली ऱ्हस्व वेलांटी येते आणि उजव्याखाली र. ‘म्हणजे बघ,’ भाई म्हणाले, ‘ज्या दोघांनी तुझा घोळ केला ते दोघे माझ्या बोटांखालीच आहेत.’

बदललेली नावं त्यांनी ऐकून तपासली. मी आधी डोळ्यांनी तपासली होती आणि मला सगळं बरोबर दिसलं होतं. भाईंनी पहिल्या दिवशी ४० चुका काढल्या. एक तर अशी, की मी शपथेवर सांगितलं असतं चूक नाही म्हणून: काही ‘आ’ हे ‘आ’ नव्हतेच, ‘अ’ला शेजारी वेगळा काना लावलेला होता. दिसायला सख्खे जुळे. यंत्र तिथं अडखळायचं आणि भाई हात वर करायचे. शोधताना ‘आचार्य’ म्हणून शोधलं तर असला आचार्य सापडत नाही, म्हणजे ही चूक डोळसांनाही छळत होतीच. फक्त ती कुणाला दिसत नव्हती. एनव्हीडीएबरोबर येणारा ईस्पीक हा आवाज तसा पत्र्यावर खडे पडल्यासारखा, पण मराठीत तो जे लिहिलंय तेच वाचतो, समजून घेऊन सावरून घेत नाही. मुद्रितं तपासायला असा माणूस मिळायला भाग्य लागतं.

गावांच्या नावांचा तमाशा वेगळाच. पोर्तुगीजांनी आपल्या जिभेसाठी केलेली स्पेलिंगं आम्ही अजून चालवतो. केपे लिहायला क्यू, यू, ई, पी, ई, एम. इंग्रजी आवाज त्याचं ‘क्वेपेम’ करतो, साखळीचं ‘सँक्वेलिम’. भाई दर वेळी तितकंच हसतात. आता गावाची यादी देवनागरीत आहे, आणि रोमी स्पेलिंग फक्त जिथं सरकारी कागदाला लागतं तिथं.

तक्त्याचं काय करायचं हा मोठा प्रश्न होता. प्रत्येक चौकोनाला नाव, भूमिका, स्थिती देता येते. चौकोनागणिक थोडा कोड. मी दिलाही. भाई बाणाच्या कळांनी फिरले: ‘खोली एक, तारीख एक, रिकामी. खोली एक, तारीख दोन, रिकामी.’ १०२० वेळा. तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आणि कामाच्या दृष्टीनं निरुपयोगी. रंगीत तक्ता हे माझं उत्तर होतं. प्रश्न काय आहे ते मी विचारलंच नव्हतं. प्रश्न फोनवरून येतो, आणि तो असा येतो: ‘तेवीस ते पंचवीस, दोन खोल्या, एक तळमजल्यावर हवी, आई आहे बरोबर.’ म्हणून आता तारखा लिहायच्या, एंटर, आणि खाली फक्त रिकाम्या खोल्यांची यादी. रंगीत तक्ता काढला नाही. शेजारच्या पोराला तोच आवडतो, आणि नव्या यादीबद्दल त्याचं मत फारसं बरं नाही.

बाकी कामं बारीकसारीक. ‘पावती नोंदली’ हा निरोप पडद्याच्या तळाशी तीन सेकंद येऊन जाई. भाईंना कळत नसे, म्हणून ते तीच पावती दुसऱ्यांदा नोंदत. तो निरोप आता स्क्रीन रीडरला थेट कळवला जातो. (दुकानाच्या गल्ल्यावरचा तो डबा बघा, ‘अमुक रुपये प्राप्त झाले’ म्हणून ओरडणारा. दुकानदाराला दिसतं, तरी त्याला ते कानांवर हवं असतं. कचेरीतल्या माणसाला मात्र आम्ही कोपऱ्यात पुटपुटून सांगतो.) ऑल्ट दाबून पहिल्या अक्षरानं बटण गाठायची विंडोजची जुनी सोय मराठीत लंगडते, कारण ‘पावती’साठी ऑल्ट आणि प दाबायचं तर कीबोर्ड त्या क्षणी मराठीत असायला हवा. मी प्रत्येक मराठी बटणाच्या शेवटी एक रोमन अक्षर जोडलं. पावती पी, खोली के. दिसायला ते जरा बेंगरूळ दिसतं. दिसू दे.

पैशांचं सांगायला हवं. समितीत एकानं विचारलं, एका माणसासाठी एवढं? मी पटकन म्हटलं, नको, पैसे नकोत, सेवा समजा. टाळ्या झाल्या. ह्या सगळ्या प्रकरणात मला आज सगळ्यात जास्त खुपतं ते हे वाक्य. नाव नसलेलं बटण ही माझ्या कामातली खोट होती, आणि आपल्या खोटीची दुरुस्ती करून सेवेचं पुण्य घेणं म्हणजे गवंड्यानं गळकं छप्पर बुजवून देणगीची पाटी लावण्यासारखं. कायदाही तेच म्हणतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा आहे, आणि तो फक्त सरकारी कचेऱ्यांपुरता नाही, खासगी सेवा देणारेही त्यात येतात. २०२५च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ते प्रकरण कशावरून उभं राहिलं? बँकेच्या, फोनच्या ओळख पडताळणीत ‘डोळे मिचकावून दाखवा’ म्हणतात, त्यावरून. ॲसिड हल्ल्यानंतर ज्यांना पापण्या मिटता येत नाहीत त्यांनी आणि ज्यांना दिसत नाही त्यांनी ते कसं करायचं?

त्यानंतर मी पतसंस्थांचे, औषधांच्या दुकानांचे जुने प्रोग्राम एकेक करून उघडतेय. दर ठिकाणी तेच: बटन, बटन, बटन. त्या दुकानांत कुणी अंध कामाला नाही, असं मालक सांगतात. भाई कचेरीत आधीपासून नसते तर देवस्थानच्या समितीनंही हेच सांगितलं असतं.

गेल्या नवरात्रात कचेरीत गेले होते. मखराची रात्र, अग्रशाळा भरलेली, बाहेर घंटा-चौघडा, आणि भाईंच्या एका कानात इयरफोन, दुसऱ्याला फोन. मी मागे उभी राहून ऐकत होते. आता मला त्यांच्या यंत्राचे अर्धेमुर्धे शब्द कळतात. फोन ठेवून ते म्हणाले, ‘बाय, हे फार बोलतं.’

मला वाटलं, आवाज कमी करायचाय.

‘तसं नव्हे. तू बटणाचं नाव ठेवलंयस “पावती छापण्याचे बटण”. बटण आहे हे तो स्वतः सांगतोच. म्हणजे मला दोनदा बटण. आणि ह्या यादीत दर ओळीला आधी “खोली”. खोली क्रमांक सात, खोली क्रमांक नऊ. खोल्याच आहेत, गायी नाहीत, ठाऊक आहे मला. आकडा आधी घाल.’

तिथंच बसून बदललं. दहा मिनिटांचं काम. आणखी एक गोष्ट आपोआप झाली: यादीत पहिलं अक्षर दाबलं की त्या ओळीवर उडी मारता येते, पण सगळ्या ओळी ‘खोली’नंच सुरू होत असल्यामुळे इतके दिवस ती सोय मेलेली होती. आता सात दाबलं की सात.

लँडलाइन वाजला. भाईंनी ‘हॅलो’ ऐकलं आणि नाव न विचारताच वडिलांच्या गुडघ्यांची चौकशी केली. तारखा लिहिल्या, एंटर मारला, एक कळ दाबली.

‘सात आहे. तळमजला. पंखा आवाज करत नाही.’